मराठवाड्यातून क्राफ्ट बिअरकडे: नवख्यांसाठी पहिल्या पायऱ्या

मराठवाड्यात बिअरची ऑर्डर बहुतेक वेळा दोन शब्दांत आटोपते: स्ट्राँग आणि चिल्ड. ती कोणत्या धान्याची आहे, कधी बनली, तिला वास कशाचा येतो, हे परमिट रूममध्ये कोणी विचारत नाही. आणि ही गोष्ट अशा भागातली, जिथे बिअर खरोखर बनते. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग, एबी इनबेव्ह या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे कारखाने छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात आहेत. महाराष्ट्रात कुठेही बाटली उचला आणि मागचा बारीक मजकूर वाचा, कितीतरी वेळा पत्ता आपल्याच वाळूजचा निघतो.

मोठ्या कारखान्यांची बिअर मुळात वाईट नसते. हजारो बाटल्यांत चव तंतोतंत तीच ठेवणं हे मोठं कसबाचं काम आहे. पण ती जवळजवळ सगळी एकाच जातीची असते, फिकट लागर. जगात बिअरच्या शंभरावर जाती आहेत आणि त्यातल्या दहा-पंधरा आता पुण्या-मुंबईत नियमित मिळतात. छोट्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, थोड्या प्रमाणात बनणाऱ्या अशा बिअरला सहसा क्राफ्ट बिअर म्हणतात. त्या ओळखायच्या कशा, कुठून सुरुवात करायची आणि आपल्या उन्हाळ्यात त्या जपायच्या कशा, हे या लेखात आहे. जे पीत नाहीत त्यांनी पिणं सुरू करावं, असा याचा हेतू नाही. जे पितातच, त्यांनी कमी प्यावी, चांगली प्यावी आणि काय पितोय ते कळून प्यावी, एवढं मला मनापासून वाटतं.

आधी चार घटक

बिअर चार गोष्टींची बनते: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे भिजवून मोड आणलेलं आणि मग वाळवलेलं किंवा भाजलेलं धान्य, बहुतेक वेळा जव. रंग, गोडवा, भाकरीच्या पापुद्र्यासारखा खमंगपणा हे सगळं माल्टचं. हॉप्स ही एका वेलीची फुलं. त्यांच्यातून कडवटपणा येतो आणि वासही: कधी गवताचा, कधी लिंबूवर्गीय सालीचा, कधी पिकलेल्या आंब्याचा. भारतात जव राजस्थान, हरियाणाकडे पिकतो, हॉप्स मात्र जवळपास सगळे जर्मनी, अमेरिकेकडून येतात. क्राफ्ट बिअर महाग का, याचं एक उत्तर इथे आहे. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ही भरपूर हॉप्सची कडवट बिअर. चांगल्या आयपीएमध्ये हॉप्स साध्या लागरच्या कितीतरी पट पडतात.

यीस्टकडे नवखे लक्ष देत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. वरच्या तापमानाला, साधारण १५ ते २४ अंश सेल्सियसला काम करणारं यीस्ट वापरलं की ती एल. सात ते तेरा अंशांच्या थंडाव्यात सावकाश आंबवली की ती लागर. एलच्या यीस्टमधून फळांचे, मसाल्यांचे वास सुटतात. लागर स्वच्छ आणि नितळ लागते. रंगाचा याच्याशी काही संबंध नाही. काळी लागर असते, पिवळीधमक एलही असते.

लेबल वाचायला शिका

ही सवय सगळ्यात आधी लावा, तिला पैसे पडत नाहीत.

पहिली पाहायची ती तारीख. बाटलीवर ती लेबलावर किंवा मानेजवळ असते, कॅनवर बहुधा तळाशी. बाटलीबंद, पाश्चराइज केलेल्या बिअरला साधारण सहा महिन्यांची मुदत दिलेली असते. पण मुदत संपेपर्यंत चव तशीच राहते असं समजू नका. मी तीन महिन्यांच्या आतली बिअर घेतो, आणि आयपीए असेल तर त्याहूनही ताजी शोधतो, कारण हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो.

दुसरं, अल्कोहोलचं प्रमाण. आपल्याकडे पाच टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि पाचच्या वर आठपर्यंतची स्ट्राँग. हा आकडा पैसा वसूल होतोय का हे बघायला वापरायचा नसतो. साडेचार टक्क्यांची उत्तम गव्हाची बिअर आठ टक्क्यांच्या स्ट्राँगपेक्षा दहापट जास्त काही सांगून जाते. स्ट्राँगमध्ये अल्कोहोल वाढवण्यासाठी अनेकदा साखर, मका किंवा तांदूळ यांचा आधार घेतलेला असतो. अंगाने ती पातळ राहते आणि घशाशी अल्कोहोलची ऊब तेवढी लागते.

तिसरं, आयबीयू हा आकडा दिला असेल तर तो कडवटपणाचं माप. साध्या लागरमध्ये तो दहा ते वीसच्या आसपास, आयपीएमध्ये चाळीस ते सत्तर. सुरुवातीला वीसच्या खाली राहा.

आणि ‘क्राफ्ट’ या शिक्क्यावर विसंबू नका. भारतात त्याची कायद्याने ठरलेली व्याख्या नाही, कोणीही तो छापू शकतो.

पहिली बिअर: विट

नवख्याला मी एकच नाव सांगतो: बेल्जियन विट. जवाचं माल्ट आणि मोड न आणलेला गहू, वर धण्यांची भरड आणि संत्र्याची वाळलेली साल. रंगाने धूसर, फिकट पिवळी. कडवटपणा नावापुरता. बेल्जियमच्या होगार्डन गावात ही जात जवळजवळ संपली होती. १९६६ मध्ये पिएर सेलिस या दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली आणि आज ती जगभर बनते.

आपल्या माणसाला विट लगेच का आवडते, हे मला पहिल्यापासून स्पष्ट दिसतं. धणे आणि लिंबूवर्गीय साल, दोन्ही वास आपल्या नाकाच्या ओळखीचे आहेत. जालन्याच्या मोसंबीला आणि लातूरकडच्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे विटला लागणारे दोन्ही गंध या मातीत मानाने पिकतात. एखाद्या ब्रुअरने जालन्याच्या मोसंबीची साल घालून विट केली तर ती बेल्जियमच्या संत्र्याहून वेगळी, कमी कडू आणि जास्त गोडसर लागेल. ती मला प्यायची आहे.

संभाजीनगर, नांदेड, लातूर या शहरांतल्या मोठ्या वाइन शॉपमध्ये किंवा बिअर शॉपीत होगार्डन किंवा सिम्बा विट यांपैकी एखादी मिळू शकते. दुकानदाराला थेट ‘व्हीट बिअर’ म्हणा, चटकन कळतं. ३३० मिलीची पिंट घ्या. ६५० ची बाटली एकट्याने संपवायला गेलात तर शेवटचा अर्धा भाग कोमट होतो. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तर अर्धा भागही लागत नाही.

मग पुढे कुठे

विट जमली की जर्मन हेफेवाइझनकडे जा. तीही गव्हाची, पण तिच्यात मसाला किंवा फळ काहीच घातलेलं नसतं. तरी पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि हे दोन्ही यीस्टचं काम. नवख्याला पटत नाही की यात केळं नाही. म्हणूनच ही बिअर दुसरी प्यावी. यीस्ट काय करतं ते सांगून कळत नाही, हेफेवाइझनच्या पहिल्या वासात कळतं. बाटलीतली असेल तर तळाचा थोडा भाग ठेवा, बाटली हलकेच गोल फिरवा आणि मग तो गाळ ग्लासात ओता. धूसर दिसणं हा इथे दोष नसून गुण आहे.

त्यानंतर परत लागरकडे या, पण चांगल्या पिल्सनरकडे. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झन गावात योझेफ ग्रोल या ब्रुअरने पहिली सोनेरी लागर केली. आज जगात विकली जाणारी बहुतेक बिअर तिचीच लांबची नात्यातली. आयुष्यभर पीत आलेल्या लागरची मूळ चव कशी असायला हवी होती, ते इथे समजतं: माल्टचा गोडवा, मागोमाग स्वच्छ कडवट झटका आणि कोरडा शेवट.

आयपीएची घाई नको. कडवट बिअरवरून घाबरून परत स्ट्राँगकडे गेलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांना ती फार लवकर दिली गेली. आधी पेल एल, म्हणजे आयपीएहून कमी कडू एल, प्या, कडवटपणाची सवय होऊ द्या. हल्ली मिळणारी धूसर, रसाळ आयपीए, जिला हेझी म्हणतात, ती कमी कडू आणि फळांच्या वासाची असते. तिथून शिरलात तर सोपं जातं.

स्टाउट काळी. भाजलेल्या जवामुळे कॉफी, कडू चॉकलेट, भट्टीवरच्या चण्यांचा वास. ती जड असते असा समज आहे, पण अनेक स्टाउट साध्या लागरइतक्याच, चार-पाच टक्क्यांच्या असतात.

आंबट बिअरबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण ती इथे चालायला हवी असं मला वाटतं. गोझे ही जर्मनीची जुनी जात: गहू, धणे आणि चक्क मीठ. आंबटपणा येतो तो लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी, म्हणजे दह्याच्याच जिवाणूंच्या कुळातून. मे महिन्यात दुपारी मीठ घालून मठ्ठा पिणाऱ्या माणसाला गोझे समजावून सांगावी लागत नाही. पुण्यातल्या टॅपवर, म्हणजे टाकीतून थेट ग्लासात बिअर देणाऱ्या नळांवर, कोकम, जांभूळ अशा फळांच्या आंबट बिअर अधूनमधून येतात. दिसल्या की नक्की घ्या.

पुण्याची फेरी

बाटलीतून सुरुवात होते, पण ताजी बिअर टॅपवरच कळते. मराठवाड्यातल्या माणसाला त्यासाठी सगळ्यात सोयीचं पुणं. संभाजीनगरहून साधारण २३५ किलोमीटर. मुलगा, भाची, भाऊ कोणीतरी तिथे शिकायला किंवा नोकरीला असतंच. लातूर, नांदेड, परभणीहून रात्रीची रेल्वे किंवा ट्रॅव्हल्स आहे. स्वतःची गाडी घेऊन जाऊ नका. परतीचा विचार आधी करून निघा.

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवातच पुण्यात झाली. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शाउफ यांना घेऊन डूलॅली सुरू केली, आणि राज्याची पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर तिथेच बनवून तिथेच पाजणारी छोटी ब्रुअरी, उभी राहिली. पुढे त्यांचे टॅपरूम मुंबईत पसरले. पुण्यात नंतर एफिंगट आली, मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, बेंगळुरूची टॉइटही आली. ग्रेट स्टेट एलवर्क्स ही पुण्याचीच, आपल्याकडची फळं आणि मसाले बिअरमध्ये आणण्याचा तिला ध्यास आहे. मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवते. मीड ही बिअर नव्हे, पण चव शिकणाऱ्याने एकदा चाखावी.

माझा जीव इंडिपेंडन्सवर. त्यांची फोर ग्रेन सेझॉन ही मी पाहुण्यांना आवर्जून सुचवतो. सेझॉन ही बेल्जियमच्या वालोनिया भागातल्या शेतांवरची बिअर. हिवाळ्यात बनवून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या हंगामी मजुरांना द्यायची, अशी तिची परंपरा. कोरडी, फसफसती, किंचित मिरपुडीच्या वासाची. सुगीचा आणि मजुरीचा अर्थ ज्या भागाला नीट माहीत आहे, त्या भागातल्या माणसाला ही बिअर परकी वाटू नये. कोणतं ठिकाण तुमचं आवडतं ठरेल ते तुम्ही ठरवा, पण एखादं ठरवा. एकाच ब्रुअरीत वारंवार गेलात की बॅचबॅचमधला फरक कळू लागतो, आणि तिथला माणूसही तुम्हाला ओळखून नवीन काय लागलंय ते आपणहून सांगतो.

आत गेल्यावर काय करायचं? मोठा ग्लास मागू नका. ‘टेस्टर’ किंवा ‘सॅम्पलर’ मागा. चार-सहा छोटे ग्लास एका लाकडी पट्टीवर येतात. फिकटपासून गडदकडे आणि कमी कडूपासून जास्त कडूकडे असं क्रमाने प्या. आयपीए आधी घेतली तर तिच्यामागून आलेली विट पाण्यासारखी लागते. दोन ग्लासांमध्ये साधं पाणी प्या. मग जी आवडली तिचा एकच पूर्ण ग्लास घ्या.

आणि विचारा. कोणती आज-काल टॅपवर लागली? कोणती संपत आली आहे? हंगामी कोणती? हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. काचेमागे दिसणाऱ्या त्या स्टीलच्या टाक्यांवर काम करणाऱ्या माणसाला कोणी आस्थेने विचारलं तर तो हातातलं काम सोडून बोलतो. मला आजवर या धंद्यात तुसडा ब्रुअर भेटलेला नाही.

घरी न्यायची असेल आणि त्या ठिकाणी सोय असेल तर ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून मिळते. ती पाश्चराइज केलेली नसते, म्हणून तिला दिवसांचंच आयुष्य असतं. बर्फाच्या डब्यात घालून न्या, दोन-तीन दिवसांत संपवा आणि एकदा झाकण उघडलं की त्याच दिवशी.

उन्हाळा हा खरा शत्रू

हा भाग पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला टेकतो. बंद गाडीच्या डिकीत तर त्याहून पुष्कळ जास्त. बिअरला उष्णता मानवत नाही. गरम जागेत ठेवलेली बिअर काही आठवड्यांत तेवढी जुनी होते, जेवढी ती फ्रिजमध्ये काही महिन्यांत झाली असती. मग तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, फळांचा वास मरतो आणि उरतो एक चिकट गोडवा. अनेकांना वाटतं, क्राफ्ट बिअर अशीच असते. खरं तर ती गोदामात किंवा ट्रकमध्ये मेलेली असते.

म्हणून दुकान निवडताना पाटी बघू नका, फ्रिज बघा. काउंटरवर, उन्हाच्या कवडशात रचून ठेवलेली बाटली घेऊ नका, मग ती कितीही दुर्मीळ असो. ऊन लागलं की हॉप्समधल्या घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन उग्र, नकोसा वास तयार होतो. हिरव्या आणि पारदर्शक बाटलीत हे पटकन होतं, तपकिरीत हळू, कॅनमध्ये होतच नाही. आपल्या भागात पर्याय असेल तर कॅनच घ्या.

दुकानातून निघताना जाड पिशवी आणि बर्फ सोबत ठेवा. घरी आल्यावर फ्रिजमध्ये उभी ठेवा, आडवी नको. दारात ठेवू नका, दार उघडताना ती रोज हलते आणि गरम होते. फ्रीजरमध्ये घालून विसरण्याचा धोका सगळ्यांना माहीत आहे. वीज जाणाऱ्या गावात आठवड्याला पुरेल एवढीच आणा, साठा करू नका.

आता चिल्डबद्दल. बर्फासारख्या थंड बिअरला वास नसतो, कारण थंडीत वास वर येत नाही. आणि थंडीने जीभही बधिर होते. पिल्सनर चार ते सात अंशांना छान, विट आणि हेफेवाइझन त्याहून जराशी वर, पेल एल आणि आयपीए आठ ते बारा, स्टाउट दहाच्या वर. थर्मामीटरची गरज नाही. पावसाळ्या-हिवाळ्यात एल फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ठेवा. उन्हाळ्यात तीन-चार मिनिटं पुरतात, पंख्याखाली ग्लास स्वतःच काम करतो. बिअरमध्ये बर्फ मात्र घालू नका.

ग्लास आणि ओतणं

बाटलीतून तोंडाला लावली तर निम्मी बिअर वाया गेली असं समजा, कारण चवीचा मोठा भाग नाकाचा असतो. कोणताही स्वच्छ काचेचा ग्लास चालेल, वरून जरासा आत वळलेला असेल तर उत्तम. तो तेलकट कढई घासलेल्या घासणीने धुऊ नका. तेलाचा अंश राहिला तर फेस बसतच नाही. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास अस्वच्छ आहे हे ओळखा.

ओतण्याआधी ग्लास साध्या गार पाण्याने विसळा. तिरपा धरून निम्मा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं फेस यायला हवा. आपल्याकडे फेस म्हणजे फसवणूक असं मानतात, पण फेसामुळेच वास धरून राहतो आणि पोटात जाणारी हवाही कमी होते.

मग आधी वास घ्या, छोटा घोट घ्या, जिभेवर फिरवा, गिळल्यावर थांबा. काय आठवलं ते मोबाइलवर मराठीतच टिपून ठेवा. ‘सिट्रसी’ लिहिण्यापेक्षा ‘ईडलिंबाची साल’ लिहिलेलं तुम्हाला महिन्याभराने जास्त उपयोगी पडेल. बिअरमध्ये लोण्याचा वास आला, किंवा उकडलेल्या मक्याचा, किंवा कच्च्या हिरव्या सफरचंदाचा, तर बहुधा ती बनवताना काहीतरी बिनसलेलं आहे. ते नम्रपणे सांगा. चांगली जागा ग्लास बदलून देते.

जेवणाबरोबर

ठेचा आणि आयपीए एकत्र आणू नका. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाला भडकवतात. ठेच्याला, काळ्या मसाल्याच्या तर्रीला, येसर आमटीला हवी विट किंवा हेफेवाइझन. गव्हाचा मऊ गोडवा तिखट शांत करतो. दही-धपाट्यांबरोबर विट हे मला सापडलेलं सर्वांत सुखाचं जेवण. संभाजीनगरच्या नान-खलियासाठी मात्र अंगाने भरलेली, माल्टची बिअर घ्या: अंबर एल, ब्राउन एल किंवा जर्मन डुंकेल. खलियातल्या मटणाचा भाजका, तेलकट गडदपणा आणि माल्टचा खरपूसपणा एकमेकांना धरून चालतात.

हुरड्याच्या दिवसांत शेतावर हलकी पिल्सनर. कोवळ्या ज्वारीची गोडी फार नाजूक असते, तिच्यावर दुसरं काही लादू नये. चखण्याला भाजके शेंगदाणे चांगलेच, पण कधी लिंबू पिळलेला सुशीला करून बघा. आणि स्टाउट जेवणानंतर, भूमकडच्या खव्याच्या पेढ्यासोबत. भाजक्या जवाचा कडूपणा आणि आटवलेल्या दुधाची गोडी, याहून वेगळी स्वीट डिश लागत नाही.

नियम, थोडक्यात

महाराष्ट्रात एकविसाखालच्या कोणालाही बिअर विकता येत नाही आणि कडक दारूसाठी अट पंचवीसची आहे. मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो. नियमित पिणाऱ्याने आजीवन काढून टाकावा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाचे दिवस ड्राय डे, त्यामुळे पुण्याची फेरी ठरवताना कॅलेंडर बघा. घरी बिअर गाळायला परवानगी नाही, इंटरनेटवर किट दिसलं तरी. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे, आणि बिअर हलकी म्हणून तो आकडा वाट बघत नाही. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने अजिबात घेऊ नये.

औषधं चालू असतील, यकृताची तक्रार असेल, गर्भारपण असेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही. आणि आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी माळकरी असतं. त्यांच्या समोर, त्यांच्या घरात, त्यांच्या सणाला बाटली काढू नका आणि नाही म्हणणाऱ्याला आग्रह करू नका.

बातम्या कशाच्या ठेवायच्या

छंद लागला की माणूस नव्या टॅपच्या बातम्या शोधू लागतो. ब्रुअरीच्या इन्स्टाग्रामवर त्या आठवड्याला काय लागलं ते कळतं. हंगामी बिअरवर विशेष लक्ष ठेवा: आंब्याच्या दिवसांत आंब्याची, ऑक्टोबरच्या आसपास जर्मन पद्धतीची मेर्झन. मराठवाड्याच्या केसर आंब्याला आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. ही फळं कोणी टाकीत घालतंय का, हे मी दरवर्षी विचारतो.

दुसरी बातमी पाण्याची. १ लिटर बिअरमागे चांगल्या कारखान्यातही साधारण ३ ते ५ लिटर पाणी खर्च होतं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितली. बिअरवर प्रेम करणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हे विसरून चालत नाही. कोणती ब्रुअरी किती पाणी वापरते, सांडपाणी शुद्ध करून परत वापरते का, उरलेला माल्टचा चोथा जनावरांच्या खाद्याला देते का, हे विचारायचा हक्क आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे.

तिसरी बातमी अजून आलेली नाही, ती मागावी लागेल. ज्वारीची बिअर. आफ्रिकेत ज्वारीची बिअर शतकानुशतकं बनते. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांनी ज्वारी आणि मक्यावर लागर काढून दाखवली. ज्वारीला पाणी कमी लागतं, तिच्यात ग्लुटेन नसतं आणि तिच्या ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’सारख्या जाती परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिलेल्या आहेत. अडचणी आहेत: ज्वारीच्या माल्टमध्ये स्टार्चची साखर करणारी विकरं जवापेक्षा कमी असतात आणि तिचा स्टार्च शिजायला तापमानही जास्त लागतं. म्हणून सुरुवात जवाच्या माल्टमध्ये तीस-चाळीस टक्के ज्वारी मिसळून करता येते. पुढच्या वेळी टॅपवर बसलात की ब्रुअरला विचारा, आमच्याकडची मालदांडी घालून एक बॅच काढाल का. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की छोटी ब्रुअरी विचार करते, आणि पहिली टाकी लागेल त्या आठवड्यात नांदेड-पुणे गाडीचं तिकीट काढायला मी तयार आहे.